आर-१०१ची शेवटची साक्ष: आयलीन गॅरेट प्रकरण

७ ऑक्टोबर १९३०, मंगळवार. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात, रोलंड गार्डन्स नावाच्या रस्त्यावर, हॅरी प्राइस यांची ‘नॅशनल लॅबोरेटरी ऑफ सायकिकल रिसर्च’ ही, भुताखेतांच्या आणि परलोकाच्या दाव्यांची तपासणी करणारी संस्था होती. तिथल्या एका खोलीत चारजण बसले होते: स्वतः प्राइस, लघुलेखन करणारी त्यांची सेक्रेटरी, इयन कोस्टर नावाचे एक पत्रकार आणि तंद्रीत जाऊन मृतांच्या वतीने बोलणाऱ्या, सदतीस वर्षांच्या आयरिश बाई आयलीन गॅरेट. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल बरोबर तीन महिन्यांपूर्वी, ७ जुलैला वारले होते. डॉयल हयातभर परलोकविद्येचे कट्टर पुरस्कर्ते. मेल्यावर ते बोलतात का, हे पाहायचं आणि त्यावर मासिकात लेख लिहायचा, एवढाच बेत होता.

गॅरेट तंद्रीत गेल्या. नेहमीप्रमाणे आधी ‘उवानी’ बोलू लागला. हा म्हणे कित्येक शतकांपूर्वीचा अरब, आणि बाईंच्या तोंडून बोलणाऱ्यांचा तो जणू द्वारपाल. थोड्या वेळाने त्याने एक नाव चाचपडत उच्चारलं: आयर्विंग, की आयर्विन. आणि मग आवाज बदलला. तुटक, घाईघाईने, कासावीस होऊन कोणीतरी बोलू लागलं. यंत्रं फार जड होती. उचल कमी होती. वर चढताच येत नव्हतं. कापड पाण्याने भिजून जड झालं होतं, नाक खाली गेलं होतं. ‘अशी’ (Achy) नावाच्या गावाची छपरं जवळजवळ घासूनच गेलो.

दोनच दिवसांपूर्वी, रविवारी पहाटे, आर-१०१ ही ब्रिटिश एअरशिप, म्हणजे हायड्रोजनच्या जोरावर तरंगणारं अवाढव्य हवाई जहाज, फ्रान्समध्ये बोव्हे शहराजवळ कोसळून जळाली होती. तिच्या कप्तानाचं नाव होतं फ्लाइट लेफ्टनंट हर्बर्ट कारमायकेल आयर्विन.

भुतं दिसणाऱ्या, पण ती दिसू नयेत असं वाटणाऱ्या माणसांच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचतो. हे प्रकरण मात्र खरोखर घडलेलं आहे, कागदोपत्री आहे, आणि नव्वदहून अधिक वर्षं ‘मृतात्म्याने तांत्रिक माहिती दिली’ याचा सर्वांत भक्कम दाखला म्हणून सांगितलं जातं. मी ते जितकं खोलात वाचत गेलो, तितकं एक मत घट्ट होत गेलं. या सगळ्या मंडळींत सर्वांत प्रामाणिक माणूस म्हणजे तंद्रीत गेलेल्या बाईच. आणि तरीही तो आवाज आयर्विनचा होता असं मानायला पुरेसा पुरावा नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, हे पटवून घेणं जड जातं. या प्रकरणातली बहुतेक गफलत तिथूनच सुरू होते.

जहाज

आर-१०१ समजून घेतल्याशिवाय त्या बैठकीतलं एकही वाक्य तपासता येत नाही. १९२४ साली ब्रिटिश सरकारने साम्राज्याच्या टोकांना हवाईमार्गाने जोडणाऱ्या एअरशिपची योजना आखली. दोन जहाजं बांधायची ठरली. आर-१०० खाजगी कंपनीने हाउडन इथे बांधलं, आर-१०१ सरकारी कारखान्याने बेडफर्डशायरमधल्या कार्डिंग्टनला. आर-१०१ला जायचं होतं कराचीला, म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यातच, कारण सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. वाटेत इजिप्तमधल्या इस्माइलियाला थांबा. कराचीत त्यासाठी प्रचंड शेडही उभारून तयार होती.

या योजनेमागची राजकीय ताकद म्हणजे हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन. हे ख्रिस्तोफर बर्डवुड थॉमसन १८७५ साली आपल्या नाशिकला जन्मले. वडील इथे लष्करी सेवेत होते. ऑक्टोबर १९३०मध्ये लंडनला साम्राज्य परिषद भरणार होती, आणि भारताची सफर करून परिषद संपायच्या आत परत यायचं, असं थॉमसन यांनी मनाशी पक्कं केलं होतं. जहाज घरासारखं सुरक्षित आहे, दशलक्षात एखादा अपवाद वगळता, असं त्यांचं एक वाक्य पुढे वारंवार उद्धृत झालं.

प्रत्यक्षात जहाज जड झालं होतं. उष्ण प्रदेशात पेट्रोलने आग लागेल या भीतीने डिझेलची पाच इंजिनं बसवली होती, आणि ती अपेक्षेपेक्षा फार वजनदार निघाली. ६० टन उपयुक्त उचल, म्हणजे इंधन, माणसं आणि सामान उचलण्याची ताकद, मिळेल असा अंदाज होता, मोजल्यावर ती ३५ टनांच्या आसपास भरली. मग १९३०च्या उन्हाळ्यात जहाज मधोमध कापलं, सुमारे ४५ फुटांचा नवा भाग आणि त्यात हायड्रोजनची आणखी एक पिशवी बसवली. लांबी ७३१ फुटांवरून ७७७ फूट झाली. या पिशव्या बैलाच्या आतड्याच्या पातळ पडद्यापासून केलेल्या असत. आणखी वायू मावावा म्हणून त्या जास्त फुगू दिल्या, तेव्हा सांगाड्याच्या कांबींना घासू लागल्या. भोकं पडू नयेत म्हणून हजारो ठिकाणी कापडाच्या गाद्या गुंडाळल्या.

सुधारलेल्या जहाजाचं एकच चाचणी-उड्डाण झालं, १ ऑक्टोबरला. हवा शांत होती, एका इंजिनाचा तेल थंड करणारा भाग बिघडला, त्यामुळे पूर्ण वेगाची चाचणी राहूनच गेली. तीन दिवसांनी, ४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, वादळी हवेचा अंदाज असताना जहाज निघालं. जहाज बांधून ठेवायच्या उंच खांबापासून सुटतानाच ते हलकं करण्यासाठी सुमारे ४ टन पाणी सोडून द्यावं लागलं. थॉमसन यांच्या सामानात मेजवानीसाठी मोठा गालिचा होता. मध्यरात्रीच्या सुमारास जहाजातून बिनतारी संदेश आला: उत्तम जेवण झालं, मान्यवर प्रवाशांनी शेवटचा सिगार ओढला आणि फ्रान्सचा किनारा पाहून ते झोपायला गेले.

पहाटे दोनला पाळी बदलली. त्यानंतर काही मिनिटांतच जहाजाने नाक खाली घातलं, सावरलं, पुन्हा घातलं आणि बोव्हेच्या दक्षिणेला अलॉन गावाजवळच्या उतारावर टेकलं. वेग फार नव्हता. धडकेने बहुधा कोणी मेलं नसतं. पण ५५ लाख घनफूट हायड्रोजन होता. ५४ माणसांपैकी ४८ गेली. त्यात थॉमसन, नागरी विमानवाहतुकीचे प्रमुख सेफ्टन ब्रँकर, जहाजाचे आराखडाकार रिचमंड, नेव्हिगेटर जॉन्स्टन आणि कप्तान आयर्विन हे सगळेच होते. ज्यांना नक्की काय झालं ते सांगता आलं असतं, त्यांतला जवळजवळ एकही उरला नाही. मेलेल्यांनी बोलावं अशी ओढ लोकांना का लागली असेल, ते इथे कळतं.

बाई

आयलीन १८९३ साली आयर्लंडच्या मीथ परगण्यात जन्मली. आई-वडील ती तान्ही असतानाच गेले, नातलगांनी वाढवलं. तिला असे सवंगडी दिसत जे इतरांना दिसत नसत. प्रत्येक सजीवाभोवती धुकट प्रकाशाचं वेष्टन दिसे. एकदा नात्यातली एक बाई कडेवर मूल घेऊन आलेली तिने पाहिली. ‘मी जातेय आणि बाळालाही नेतेय’ असं ती म्हणाल्याचं आयलीनने घरी सांगितलं, तर खोटारडी म्हणून मार मिळाला. दुसऱ्या दिवशी ती बाई बाळंतपणात दगावल्याची बातमी आली. त्या रागात म्हणा, की जीव कसा जातो ते पाहायच्या ओढीने, तिने घरच्या बदकाची पिल्लं पाण्यात बुडवली, आणि त्यांच्या देहांतून करड्या धुराची वलयं वर जाताना पाहिली. हे सगळं त्यांनीच पुढे आत्मचरित्रात लिहिलं. त्याला बाहेरचा साक्षीदार नाही, म्हणून पुरावा म्हणून मी ते धरत नाही. पण माणूस कसा होता ते त्यातून दिसतं. या मुलीला काहीतरी दिसत होतं, ते सांगितल्यावर शिक्षा होत होती, आणि शिक्षा होऊनही दिसणं थांबत नव्हतं.

पहिल्या महायुद्धात त्यांचे दुसरे पती आघाडीवर होते. लंडनमध्ये जेवणाच्या टेबलावर असताना पतीच्या देहाच्या चिंधड्या झाल्याचं त्यांना जाणवलं, आणि मग ते बेपत्ता असल्याचं कळलं, हीदेखील त्यांचीच आठवण. १९२०च्या दशकात टेबलाभोवती बसून केलेल्या एका बैठकीत त्या अचानक तंद्रीत गेल्या. जाग आल्यावर काय बोललो याची काही आठवण नव्हती. घरात वाद झाले, आपल्याला वेड तर लागत नाही ना या भीतीने त्या पछाडल्या. लंडनच्या ‘ब्रिटिश कॉलेज ऑफ सायकिक सायन्स’चे ह्यूएट मॅकेन्झी यांनी त्यांना हाताशी धरून शिस्त लावली. १९२९मध्ये मॅकेन्झी वारले.

आपल्याकडे अशा मुलीचं काय होतं ते आठवा. एक तर तिला बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेतात, नाही तर अंगात देवी येते म्हणून ओटी भरायला रांग लागते. दोन्ही वेळा तिला कोणी विचारत नाही की, बाई, तुला स्वतःला काय वाटतं? गॅरेट यांनी तो प्रश्न स्वतःला विचारला आणि आयुष्यभर विचारत राहिल्या. उवानी हा परलोकातला अरब आहे, असं त्यांनी छातीठोकपणे कधीच म्हटलं नाही. तो माझ्याच मनाचा तुकडा असू शकतो, असं त्या मोकळेपणाने सांगत. आपल्याला परलोकवादी म्हणवून घ्यायलाही त्यांचा नकार होता.

काय म्हटलं गेलं, आणि ते कुणाला आधीच ठाऊक होतं

बैठकीची लघुलेखनाची नोंद उपलब्ध आहे, हे या प्रकरणाचं मोठं बलस्थान. प्लँचेटच्या बहुतेक कथा ऐकीव असतात. इथे शब्द त्याच वेळी कागदावर उतरले. म्हणून त्यांची छाननी करता येते.

पहिला गट: इंजिनं जड, उचल कमी, भार जास्त, मधला जोडलेला भाग चुकीचा, चाचण्या अपुऱ्या. यातलं काहीही गुप्त नव्हतं. जहाजाचं वजन वाढलं, ते कापून लांब करावं लागलं, हे वर्षभर वर्तमानपत्रांत आणि विमानविषयक मासिकांत छापून येत होतं. शिवाय बैठक झाली मंगळवारी. रविवार आणि सोमवार ब्रिटनच्या प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर दुसरा विषयच नव्हता. कप्तानाचं नाव, वादळ, पाऊस, जहाज खालून उडत होतं हे सगळं छापलं गेलं होतं. गॅरेट यांनी ते मुद्दाम पाठ केलं, असं म्हणायची गरज नाही. त्या आठवड्यात लंडनमध्ये श्वास घेणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर ते पडलंच होतं.

दुसरा गट अधिक तांत्रिक वाटणाऱ्या वाक्यांचा आहे. उंची बदलणारं सुकाणू अडकलं. तेलाची नळी तुंबली. ‘कार्बन आणि हायड्रोजनची ही योजना साफ चुकीची.’ ‘एस.एल. ८ची हीच गत, एकनरना सांगा.’ ह्यूगो एकनर म्हणजे एअरशिप बांधणाऱ्या जर्मन झेपेलिन कंपनीचे प्रमुख. १९२९मध्ये ‘ग्राफ झेपेलिन’ने पृथ्वीप्रदक्षिणा केल्यामुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलं होतं. एस.एल. ८ ही महायुद्धातली लाकडी सांगाड्याची जर्मन एअरशिप होती, आणि ती अशा अपघातात गेली नव्हती. जळणात हायड्रोजन मिसळण्याचे प्रयोग त्या काळी चर्चेत होते खरे, पण आर-१०१च्या त्या उड्डाणात तशी कोणतीही व्यवस्था नव्हती, ती नुसत्या डिझेलवर चालत होती. ज्या योजनेचा अपघाताशी संबंधच नव्हता तिच्यावर जहाजाचा कप्तान का संतापेल?

माझ्या दृष्टीने ही नोंद वाचताना सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे. शब्द विमानविद्येतले आहेत, पण विमान चालवणाऱ्याने जसे जोडले असते तसे जोडलेले नाहीत. रेडिओवर ऐकलेल्या, मासिकात चाळलेल्या, चहाच्या टेबलावर कानावर पडलेल्या शब्दांचा गाळ मनाच्या तळाशी असावा आणि तो ढवळून वर यावा, तसं ते बोलणं आहे. आवाजातली व्यथा खरी वाटते, मजकूर मात्र उसना.

अशी गाव

या प्रकरणात भल्याभल्यांना गप्प करणारा मुद्दा म्हणजे ‘अशी’. बोव्हेच्या उत्तरेला असलेलं हे छोटंसं गाव नेहमीच्या नकाशात सापडत नाही आणि जहाजाच्या मार्गाजवळ पडतं. त्यात आवाज म्हणाला होता, ‘रेल्वेमार्ग धरून चाललो होतो’, आणि अशीजवळून रेल्वे जाते. एका आयरिश बाईला हे गाव कुठून ठाऊक असणार, असा प्रश्न प्राइस यांनी केला आणि पुढच्या प्रत्येक लेखकाने तो तसाच उचलला.

मीही या मुद्द्यावर बराच अडखळलो. उत्तर मिळालं ते गॅरेट यांच्याच ओळखीच्या आर्ची जार्मन यांच्या कामातून, आणि नंतर ब्रिटिश शोधक मेल्विन हॅरिस यांनी ते पुढे मांडलं. अशी मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर होतं, रस्त्याच्या पाट्यांवर होतं, आणि गॅरेट कॅले ते पॅरिस हा प्रवास मोटारीने अनेकदा करत असत. त्या वाटेवरची पाटी डोळ्यांसमोरून गेलेली असणं अगदी शक्य आहे, भले जागेपणी त्यांना त्याची काडीमात्र आठवण नसेल. तंद्रीत वर येणारी गोष्ट परलोकातूनच यावी लागते असं नाही. आपण जे पाहिलं आणि विसरलो, ते सगळं कुठे तरी साठलेलं असतंच.

यातून अशीचा मुद्दा पूर्ण निकाली निघतो का? नाही. पाटी पाहिली असेल, हे ‘असू शकतं’ या पातळीवरचं उत्तर आहे. पण मेलेला माणूस बोलला असं ठरवण्याआधी जिवंत माणसाला ते कळण्याची वाट बंद होती, हे दाखवावं लागतं. इथे ती वाट सताड उघडी होती.

तज्ज्ञ कोण?

प्रकरणाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती एका ‘तज्ज्ञा’मुळे. प्राइस यांनी बैठकीची नोंद कार्डिंग्टनच्या कारखान्यात काम करणाऱ्या चार्ल्टन नावाच्या गृहस्थांना दाखवली. त्यांनी वाक्यागणिक टिपणं लिहून दिली. हे बरोबर, हे गुप्त होतं, हे आतल्या माणसाशिवाय कोणाला माहीत असणं शक्य नाही. पुढची कित्येक वर्षं पुस्तकांत आणि लेखांत ‘आर-१०१च्या तज्ज्ञाने शहानिशा केली’ असंच छापलं जात राहिलं.

चार्ल्टन सामानाच्या पुरवठ्याचं काम पाहत. ते अभियंते नव्हते, वैमानिक नव्हते, आणि परलोकविद्येवर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. ज्याचे रोजचे सहकारी एका रात्रीत जळून गेले, त्याने त्या कागदात त्यांचा आवाज शोधला, यात नवल नाही. पण ही साक्ष तज्ज्ञाची म्हणून पुढे करणाऱ्या प्राइस यांना मी इतक्या सहज सोडणार नाही. प्रसिद्धी कशी मिळवायची ते त्यांना नेमकं कळत होतं, आणि हा कागद कुणाकडे न्यायला हवा होता तेही कळायला हवं होतं.

खरे जाणकार हयात होते. आर-१००चे कप्तान राल्फ बूथ होते. आर-१०१च्या इंजिनांच्या मांडणीची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते केव्ह-ब्राउन-केव्ह होते. त्यांना नोंद दाखवली गेली ती तीसेक वर्षांनी, जार्मन यांनी. बूथ आयर्विनला ओळखत होते. दोघांचंही मत एकच पडलं: अपघात का झाला हे कळायला या संदेशांची काही मदत होत नाही, आणि आयर्विनसारखा अनुभवी अधिकारी असं बोलला नसता.

याच सुमाराच्या आणखी दोन गोष्टी या प्रकरणाला जोडून सांगितल्या जातात. १९२८च्या मार्चमध्ये अटलांटिकवर बेपत्ता झालेले वैमानिक हिंच्लिफ यांची पत्नी गॅरेट यांच्याकडे बैठकांना येत असे, आणि तिथे हिंच्लिफच्या आवाजाने आर-१०१बद्दल आधीच धोक्याचा इशारा दिला होता, ही एक. हवाई खात्यातले मेजर व्हिलियर्स यांनी ऑक्टोबरअखेरपासून घेतलेल्या बैठका, ही दुसरी. हिंच्लिफ यांच्या विधवेचा शोक खरा होता, पण अपघात झाल्यावर सांगितलेलं भाकीत तपासता येत नाही. व्हिलियर्स यांच्या बैठकांची नोंद तर त्यांनी नंतर आठवणीतून लिहून काढलेली. प्राइस यांच्या बैठकीत लघुलेखन होतं, इथे तेही नाही.

ज्याचं ऐकलं गेलं नाही

चौकशी न्यायालय नेमलं गेलं. त्याचे अध्यक्ष सर जॉन सायमन. दोनच वर्षांपूर्वी ‘सायमन परत जा’च्या घोषणा आपल्याकडे ज्यांच्याविरुद्ध झाल्या तेच हे सायमन. १९३१च्या वसंतात आलेल्या त्यांच्या अहवालाने निष्कर्ष काढला तो असा: वादळात पुढच्या भागाचं बाहेरचं कापड फाटलं असावं, पुढच्या पिशव्यांतून वायू गेला आणि जड झालेलं नाक खाली गेलं. सुकाणू अडकणं किंवा तेलाची नळी तुंबणं याला त्यांनी कारण मानलं नाही. म्हणजे अपघाताची जी मुख्य साखळी, कापड फाटणं आणि पुढच्या पिशवीतला वायू जाणं, तीच आयर्विनच्या आवाजाने नेमकेपणाने सांगितली नाही. ‘कापडावर ताण, घासतंय’ एवढं बोलून तो आवाज पुन्हा जड इंजिनांकडे वळला.

चौकशीत मात्र एक असा कागद पुढे आला, की त्यासाठी तंद्रीत जायची गरज नव्हती. सरकारी तपासनीस फ्रेडरिक मॅकवेड कार्डिंग्टनलाच नेमलेले होते. ३ जुलै १९३० रोजी, म्हणजे अपघाताच्या तीन महिने आधी, त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं: पिशव्या सांगाड्याला घासतात, हजारो ठिकाणी गाद्या गुंडाळणं हा उपाय नव्हे, आणि या स्थितीत उड्डाणाचा परवाना वाढवण्याची शिफारस मी करू शकत नाही. पत्र वरिष्ठांनी एअरशिप विभागाचे प्रमुख कोलमोर यांच्याकडेच मत मागण्यासाठी पाठवलं. म्हणजे ज्यांच्या कामावर आक्षेप होता त्यांनाच विचारलं. कोलमोर यांनी चिंता करण्यासारखं काही नाही असं कळवलं, आणि पत्र तिथेच थांबलं. कोलमोरही त्या रात्री जहाजात होते आणि गेले.

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण मॅकवेड यांना एका ओळीत उरकतात, किंवा त्यांचा उल्लेखच करत नाहीत. मला ते खुपतं. मृत कप्तान दोन दिवसांनी एका तंद्रीतल्या बाईमार्फत काय बोलला यावर पुस्तकांवर पुस्तकं निघाली. जिवंत तपासनीसाने तीन महिने आधी शाईने लिहिलेलं फाइलीतच राहिलं.

नंतरच्या बाई

गॅरेट या बैठकीने प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांना हवं असतं तर त्यावर आयुष्य सुखात गेलं असतं. त्यांनी वेगळा रस्ता धरला. १९३१मध्ये त्या निमंत्रणावरून अमेरिकेला गेल्या आणि स्वतःला प्रयोगासाठी शास्त्रज्ञांच्या हवाली करू लागल्या. त्यांच्यावर आणि उवानीवर शब्द-प्रतिसादाच्या चाचण्या झाल्या, पण उवानी ही स्वतंत्र व्यक्ती आहे असं त्यातून सिद्ध झालं नाही. १९३४मध्ये ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांच्या, न पाहता पत्त्यावरची खूण ओळखायच्या चाचण्यांना त्या बसल्या. पत्त्यांत जीव नसतो, म्हणून मला त्यातून काही जाणवत नाही, अशी त्यांची तक्रार होती. लंडनला एस. जी. सोल यांनी तसेच पत्ते घेऊन केलेल्या चाचण्यांत योगायोगापलीकडे काही निघालं नाही. गॅरेट यांनी हे निकाल दडवले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये प्रकाशनसंस्था काढली, मासिक चालवलं, आणि १९५१मध्ये ‘पॅरासायकॉलॉजी फाउंडेशन’ स्थापन करून दुसऱ्यांच्या संशोधनाला पैसे पुरवले.

१९६०च्या दशकात त्यांनी स्वतःहून जार्मन यांना आर-१०१चं प्रकरण पुन्हा मुळापासून तपासायला सांगितलं. बूथ आणि केव्ह-ब्राउन-केव्ह यांच्यापर्यंत नोंद पोचली ती याच तपासात. जार्मन यांनी महिनोन्‌महिने खपून प्रदीर्घ अहवाल लिहिला, नकाशे आणि आराखडे जोडले. त्यांचा निष्कर्ष होता की तांत्रिक पुरावा म्हणून हे प्रकरण आता विसरलेलं बरं. हा निष्कर्ष गॅरेट यांच्या सर्वांत गाजलेल्या बैठकीविरुद्ध होता, आणि तो तपास मागितला होता त्यांनीच. १५ सप्टेंबर १९७० रोजी फ्रान्समधल्या नीस इथे त्या वारल्या. आपल्या तोंडून कोण बोलतं, या प्रश्नावर त्यांनी शेवटपर्यंत ठाम उत्तर दिलं नाही.